होस्टिंग बदलल्यापासून मुखपृष्ठ उघडतं, पण लॉगिन गोल गोल फिरतं आणि आतली पानं ४०४

कागदीबोट

वर्डप्रेस ६.८ ची साइट शेअर्ड होस्टिंगवरून स्वतंत्र व्हीपीएसवर आणली आहे. जुन्या जागी अपाची हा वेबसर्व्हर होता, इथे एनजिनएक्स आहे. पीएचपी ८.३, रॅम २ जीबी. डोमेन तेच, फक्त पूर्वी पत्ता एचटीटीपी आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट होता, आता एचटीटीपीएस आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय हवा आहे. सर्व्हरवर लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट बसवलंय, पुढे क्लाउडफ्लेअर (वाचक आणि सर्व्हरच्या मधली प्रॉक्सी सेवा) आहे. फाइली आणि डेटाबेस जसेच्या तसे आणले.

मुखपृष्ठ उघडतं, पण ८-९ सेकंदांनी. कुठल्याही लेखावर क्लिक केलं की ४०४ (पान सापडत नाही). डब्ल्यूपी-अ‍ॅडमिनला गेलं की 'टू मेनी रीडायरेक्ट्स'. क्लाउडफ्लेअरची प्रॉक्सी तात्पुरती बंद केली तर लॉगिनचा फॉर्म दिसतो, पण पासवर्ड देऊन एंटर मारलं की तोच फॉर्म कोरा होऊन परत येतो. चुकीचा पासवर्ड असंही म्हणत नाही.

डेटाबेसातल्या ऑप्शन्स टेबलात होम (साइटचा पत्ता) नव्याने टाकलाय, साइटयूआरएलमध्ये (वर्डप्रेसच्या फाइलींचा पत्ता) अजून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहे. कॅशे साफ करून झाली, ब्राउझर बदलून झाला. प्लगइन २३ आहेत, त्यांना अजून हात लावलेला नाही. सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी

प्लगइनना हात लावला नाहीत ते उत्तम. आधी डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) आणि डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरची प्रत बाजूला काढून ठेवा. इथून पुढे एका वेळी एकच बदल. चार गोष्टी एकदम बदलल्या की साइट चालू झाली तरी कशाने चालू झाली ते कळत नाही, आणि पुन्हा बंद पडली की पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत, त्यांची कारणं वेगवेगळी असू शकतात. प्रत्येकीत विनंती कुठे अडकतेय ते बघायचं: क्लाउडफ्लेअरवर, एनजिनएक्सवर, पीएचपीत की डेटाबेसात.

लॉगिनचा भोवरा आधी घेऊ. क्लाउडफ्लेअरच्या एसएसएल सेटिंगमध्ये बहुधा 'फ्लेक्सिबल' निवडलेलं असेल. त्यात ब्राउझर ते क्लाउडफ्लेअर हा टप्पा एचटीटीपीएस असतो, पण क्लाउडफ्लेअर ते तुमचा सर्व्हर हा टप्पा पोर्ट ८० वरून साधा एचटीटीपी. साइटयूआरएल एचटीटीपीएसने सुरू होत असेल तर वर्डप्रेस अ‍ॅडमिन भाग आपोआप एचटीटीपीएससाठी सक्तीचा करतं. मग तुम्ही अ‍ॅडमिनचं पान मागता, वर्डप्रेसला दिसतं की विनंती एचटीटीपीने आलीये, ते सांगतं 'एचटीटीपीएसवर जा'. ब्राउझर म्हणतो, मी तिथेच तर आहे, आणि पुन्हा तेच मागतो. क्रोम २० फेऱ्यांनंतर नाद सोडतो. मुखपृष्ठाला ही सक्ती नाही, म्हणून ते उघडतं. त्यामुळे 'मुखपृष्ठ चालतंय म्हणजे एसएसएल ठीक आहे' हा निष्कर्ष काढू नका.

उपाय: सर्व्हरवर सर्टिफिकेट आहेच, तर सेटिंग 'फुल स्ट्रिक्ट' करा. एनजिनएक्स पोर्ट ४४३ वर ऐकतोय आणि फायरवॉलमध्ये ते उघडं आहे याची खात्री आधी करा, नाहीतर भोवरा जाऊन त्या जागी ५२१ किंवा ५२२ (क्लाउडफ्लेअरला सर्व्हर गाठता येत नाही) येईल.

काही जण याऐवजी डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो (मूळ विनंती एचटीटीपीएसने आली का ते सांगणारं हेडर) तपासून सर्व्हरची एचटीटीपीएस किंमत 'ऑन' करणाऱ्या ओळी घालायला सांगतात. पुढे लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांत वाटणारा) असेल तर त्या ओळी लागतातच. पण फ्लेक्सिबलवर त्या घातल्या तर भोवरा थांबतो आणि तुमचा पासवर्ड क्लाउडफ्लेअरपासून सर्व्हरपर्यंत उघड्यावर जात राहतो. ती मलमपट्टी झाली.

आता कोरा फॉर्म. लॉगिनचा फॉर्म साइटयूआरएलच्या पत्त्यावर, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर जातो. तिथून एनजिनएक्स ३०१ (पत्ता कायमचा बदलला) देऊन तुम्हाला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवायच्या पत्त्यावर पाठवतो. ३०१ वर ब्राउझर पोस्टचं (माहिती पाठवणाऱ्या विनंतीचं) गेट (नुसतं पान मागणारी विनंती) करून टाकतो, म्हणजे नाव-पासवर्ड वाटेतच गळतात. वर्डप्रेसपर्यंत पासवर्ड पोचलाच नाही, मग चूक तरी काय सांगणार? होम आणि साइटयूआरएल अक्षरन् अक्षर सारखे करा. पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून करा, किंवा डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डब्ल्यूपी_होम आणि डब्ल्यूपी_साइटयूआरएल या दोन व्याख्या घाला. त्या डब्ल्यूपी-सेटिंग्ज फाइल ओढून घेणाऱ्या शेवटच्या ओळीच्या वर हव्यात, खाली घातल्या तर उपयोग शून्य. (इथे नावं देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये अर्थात रोमन कॅपिटल.)

तपासताना दर वेळी नवी इन्कॉग्निटो खिडकी उघडा. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, त्यामुळे सर्व्हर दुरुस्त झाल्यावरही जुनी चूक दिसत राहते. त्याहून बरं म्हणजे कर्ल ही कमांड, कॅपिटल आय आणि कॅपिटल एल हे दोन पर्याय देऊन. प्रत्येक वळणाची 'लोकेशन' ओळ एकाखाली एक दिसते. तोच पत्ता दुसऱ्यांदा आला की भोवरा सापडला.

खिळेमोळे

४०४ चं मी सांगतो. आधी ते पान नीट बघा. तुमच्या थीमचा हेडर-फूटर असलेलं ४०४ आहे, की पांढऱ्या कागदावर दोन ओळी आणि खाली 'एनजिनएक्स'? पांढरं असेल तर विनंती वर्डप्रेसपर्यंत गेलेलीच नाही.

जुन्या जागी अपाची आपली सेटिंगची फाइल डॉट-एचटीअ‍ॅक्सेस वाचायचा. एनजिनएक्स ती फाइल बघतसुद्धा नाही. सेटिंग्जमध्ये पर्मालिंक जाऊन 'सेव्ह' दाबा हा सल्ला अपाचीवर लागू पडतो, कारण त्याने ती फाइल पुन्हा लिहिली जाते. इथे शंभर वेळा दाबलंत तरी पांढरं ४०४ हलणार नाही. सर्व्हर ब्लॉकमधल्या 'लोकेशन /' या भागात हे हवं:

ट्राय_फाइल्स $यूआरआय $यूआरआय/ /इंडेक्स.पीएचपी?$आर्ग्ज;

अर्थ सरळ आहे. त्या नावाची फाइल आहे का, फोल्डर आहे का, नसेल तर सगळं इंडेक्स डॉट पीएचपीकडे सोपव. शेवटचं आर्ग्ज विसरलात तर लेख उघडतील, पण आतल्या पानांच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतरचं सगळं हरवेल. बदलानंतर आधी एनजिनएक्स -टी, 'सिंटॅक्स ओके' आलं तरच रीलोड. रीस्टार्ट करू नका. फाइलमध्ये एक अर्धविराम जरी राहिला असेल तरी रीस्टार्टला अख्खा सर्व्हर खाली बसतो. रीलोड मात्र जुन्या सेटिंगवर चालू राहतो.

एक भाकीत. हे न करता लॉगिन झालंत आणि लेख जतन करायला गेलात तर 'अपडेटिंग फेल्ड, नॉट अ व्हॅलिड जेसन रिस्पॉन्स' येणार. मग लोक एडिटर बदलतात, क्लासिक एडिटर टाकतात. एडिटर बिचारा निर्दोष. तो डब्ल्यूपी-जेसन या पत्त्यावर लेख पाठवतो आणि तो पत्ता प्रत्यक्षात फाइल नसल्याने त्यालाही तेच पांढरं ४०४ मिळतं. पडताळा सोपा आहे: डोमेनपुढे /डब्ल्यूपी-जेसन/ उघडा, मग /?रेस्ट_रूट=/ उघडा. पहिलं ४०४ आणि दुसऱ्यात जेसनचा लांबलचक मजकूर, म्हणजे दोष वरच्या एका ओळीचाच.

झटपट_राव

एवढं कशाला? सगळ्या फाइलींना ७७७ परमिशन द्या आणि प्लगइन्स फोल्डरचं नाव बदला. निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

रात्रपाळी

७७७ मुळीच नको. सर्व्हरवरची कुठलीही प्रक्रिया मग तुमच्या पीएचपी फाइलींत लिहू शकते. काही होस्टिंगवर तर ७७७ दिसलं की पीएचपी चालवायलाच नकार मिळतो आणि वर ५०० येतो. फोल्डर ७५५, फाइली ६४४, डब्ल्यूपी-कॉन्फिग ६४० किंवा ६००. साइट हलवल्यावर घोळ होतो तो बहुतेक वेळा मालकीचा. रूटने फाइली उतरवल्या की सगळ्यांचा मालक रूट, आणि पीएचपी चालतं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाने. मग अपडेट करताना वर्डप्रेस एफटीपीचा पासवर्ड मागायला लागतं. तिथे चाऊन कमांडने मालक बदलायचा, परमिशन सैल करायची नाही.

प्लगइन्सचं नाव बदलणं वाईट नाही, पण ते 'या साइटवर गंभीर त्रुटी आली आहे' असं पान किंवा निव्वळ पांढरा पडदा आला तर. तेव्हासुद्धा आधी अ‍ॅडमिनची ईमेल बघा. वर्डप्रेस ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, तिथे रिकव्हरी मोडची लिंक येते आणि बिघडलेला प्लगइन किंवा थीम नावानिशी लिहिलेली असते. लिंक एक दिवस चालते. सर्व्हरवरून मेल जातच नसेल तर डब्ल्यूपी_डीबग आणि डब्ल्यूपी_डीबग_लॉग ट्रू करा, डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले फॉल्स ठेवा, आणि डब्ल्यूपी-कंटेंटमधली डीबग डॉट लॉग वाचा. 'फेटल एरर' असलेल्या ओळीत फाइलचा पूर्ण पथ असतो, त्यात 'प्लगइन्स/' नंतर जे नाव येतं तोच गुन्हेगार. मग त्या एकाच फोल्डरचं नाव बदला, तेवीसच्या तेवीस कशाला बंद पाडायचे?

आणि अख्ख्या प्लगइन्स फोल्डरचं नाव बदलल्यावर अ‍ॅडमिनमधलं प्लगइन्सचं पान उघडलंत तरच वर्डप्रेस ते प्लगइन चालू असलेल्यांच्या यादीतून उतरवतं. पान न उघडता नाव परत पूर्ववत केलंत तर सगळे पुन्हा चालू, त्या बिघडलेल्यासकट. एमयू-प्लगइन्स (नेहमी चालूच असणारे प्लगइन) फोल्डर या उद्योगातून सुटतो तो वेगळाच.

कागदीबोट

फ्लेक्सिबलच होतं. फुल स्ट्रिक्ट केलं, दोन्ही पत्ते सारखे केले, ट्राय_फाइल्स घातलं. लॉगिन होतं, लेख उघडतात, जतनही होतात. (मधे एकदा जेसनवाला संदेश आला, कारण एनजिनएक्स रीलोड करायचं राहिलं होतं.)

उरलंय ते असं. पेज बिल्डरने केलेल्या पानांची मांडणी विस्कटलेली आहे, कन्सोलमध्ये 'मिक्स्ड कंटेंट, ब्लॉक्ड' अशा बऱ्याच ओळी. वेग अजून ८-९ सेकंदच. दिवसातून दोन-तीनदा ५०४ (वेळेत उत्तर आलं नाही) येतो. पीएचपी-एफपीएमच्या (पीएचपी चालवणारी सेवा) लॉगमध्ये मॅक्स_चिल्ड्रनची (एका वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रक्रियांची) मर्यादा ५ गाठली, वाढवा, अशी ओळ आहे. ती ५० करू का?

अक्षरओळख

मांडणीचं आधी. डेटाबेसात जुने एचटीटीपी पत्ते राहिले आहेत. चित्रांच्या बाबतीत ब्राउझर स्वतःच एचटीटीपीएस करून बघतो, पण स्टाइलशीट आणि स्क्रिप्ट एचटीटीपीने मागितल्या तर सरळ अडवतो. म्हणून चित्रं दिसतात आणि रचना कोसळते.

पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये एसक्यूएलचं रिप्लेस मारू नका. पेज बिल्डर आणि विजेट आपला डेटा सीरियलाइज करून ठेवतात, आणि त्यात प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. 'एचटीटीपी://डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.' ही रोमनमध्ये ११ अक्षरं, 'एचटीटीपीएस://' ही ८. प्रत्येक पत्ता ३ अक्षरांनी आखूड होणार, पण पुढे लिहिलेला आकडा तोच राहणार. समजा आकडा म्हणतो ४०, मजकूर आहे ३७. पीएचपी ४० मोजायला जातं, हिशेब जुळत नाही, आणि ते अख्खी नोंद टाकून देतं. विजेट गायब, थीमची सेटिंग कोरी. मग त्याचं खापर थीमवर फुटतं.

डब्ल्यूपी-सीएलआय या कमांड लाइनवरच्या साधनाचं सर्च-रिप्लेस हे आकडे स्वतः दुरुस्त करतं. क्रम असा: डब्ल्यूपी डीबी एक्सपोर्ट, मग सर्च-रिप्लेस ड्राय-रन (काही न बदलता नुसती चाचणी) लावून, कुठल्या टेबलात किती बदल ते बघायचं, मग ड्राय-रन काढून खरं. गाइड (लेखाची कायमची ओळख) हा स्तंभ स्किप-कॉलम्सने वगळा, फीड वाचणारे त्यावरूनच लेख नवा की जुना ते ठरवतात. तुम्हाला हे दोनदा करावं लागेल, एकदा एचटीटीपी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी, एकदा एचटीटीपीएस डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी. काही पेज बिल्डर जेसनमध्ये पत्ते साठवतात, तिथे तिरप्या रेघेआधी उलटी रेघ असते, तो प्रकार तिसऱ्यांदा शोधावा लागतो. शेवटी पेज बिल्डरच्या सेटिंगमधून सीएसएस पुन्हा तयार करा. त्या फाइली अपलोड्स फोल्डरमध्ये असतात, डेटाबेस बदलून त्या बदलत नाहीत.

खिळेमोळे

५० करू नका! आत्ता साइट हळू आहे, मग बंद पडेल. हिशेब करा. २ जीबीतून डेटाबेस, एनजिनएक्स आणि सिस्टिम वजा जाता साधारण १ जीबी हातात राहते. २३ प्लगइनवाल्या साइटची एक पीएचपी प्रक्रिया ६० ते १०० एमबी खाऊ शकते. पीएस कमांडने तुमच्याकडचा खरा आकडा बघा. ८० धरला तर १२ प्रक्रिया, फार तर. ५० ठेवल्यात आणि एकदम गर्दी झाली की मेमरी संपते, कर्नल सगळ्यात जाड प्रक्रिया मारतो, आणि ती बहुधा मायएसक्यूएल असते. मग 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन'. लोक डब्ल्यूपी-कॉन्फिगमधला पासवर्ड तपासत बसतात. पासवर्ड चुकलेला असता तर त्रुटी कायम आली असती, मधूनच आली नसती. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) 'आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस' दिसलं की शंका संपली.

पण मला वाटतं ५ ची मर्यादा हा दोष नाहीच. एका पानाला ९ सेकंद लागत असतील तर पाच प्रक्रिया मिळून मिनिटाला जेमतेम ३३ पानं निघतात. एखादा बॉट आला तरी रांग लागणार, आणि रांगेत ६० सेकंद उलटले की एनजिनएक्स ५०४ देणार. पान एका सेकंदात आलं तर त्याच पाचांत मिनिटाला ३०० निघतील. तेव्हा ९ सेकंद कुठे जातात ते शोधा.

वेबसाइटच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवून उघडा. लगेच आली तर नेटवर्क आणि एनजिनएक्स सुटले. मग एका ओळीची पीएचपी फाइल. तीही लगेच आली तर पीएचपी सुटलं. राहिलं वर्डप्रेस. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पहिल्या ओळीवर 'वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स' किती आहे ते बघा. तिथेच ८ सेकंद असतील तर चित्रं लहान करणं, लेझी लोड, मिनिफाय यातलं काहीही करून फरक पडणार नाही.

रात्रपाळी

खिळेमोळे यांना जोड. जसंच्या तसं आणलेल्या साइटवर मी पहिल्यांदा डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरच्या मुळाशी ऑब्जेक्ट-कॅशे डॉट पीएचपी आणि अ‍ॅडव्हान्स्ड-कॅशे डॉट पीएचपी या दोन फाइली आहेत का ते बघेन. ही ड्रॉप-इन्स. प्लगइनच्या मुख्य यादीत दिसत नाहीत, प्लगइन्स फोल्डरचं नाव बदलून बंद होत नाहीत. जुन्या होस्टिंगवर रेडिस (मेमरीत कॅशे ठेवणारा सर्व्हर) असेल तर त्या पहिल्या फाइलमुळे प्रत्येक पान अजून त्याच जुन्या पत्त्यावर रेडिस शोधतं, वेळ संपेपर्यंत थांबतं, मग निमूटपणे पुढे जातं. त्रुटी दिसत नाही, फक्त सेकंद जातात. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डब्ल्यूपी_रेडिस_होस्ट सापडतंय का तेही बघा.

ते नसेल तर ऑटोलोड, म्हणजे ऑप्शन्स टेबलातून दर पानाला आपोआप वाचला जाणारा डेटा, बघा. वर्डप्रेस ६.६ पासून साइट हेल्थ ८०० केबीच्या पुढे इशारा देतं. जुन्या लेखांतली क्वेरी ऑटोलोड बरोबर 'येस' एवढंच मोजते. ६.६ नंतर 'ऑन', 'ऑटो' आणि 'ऑटो-ऑन' हेही लोड होतात, ते धरले नाहीत तर आकडा फसवा निघतो.

कागदीबोट

ऑब्जेक्ट-कॅशे डॉट पीएचपी होती, आणि कॉन्फिगमध्ये जुन्या होस्टिंगचा अंतर्गत आयपी. फाइल बाजूला काढली, ओळ काढली. पहिला प्रतिसाद ०.७ सेकंदांत. सर्च-रिप्लेसनंतर मांडणीही जागेवर आली. मॅक्स_चिल्ड्रन १० ठेवलंय.

आता एकच. लॉगिनचे प्रयत्न मोजणारा प्लगइन आहे, तो एकाच वेळी आम्हा सगळ्यांना ब्लॉक करतो. कुणाचाच पासवर्ड चुकलेला नाही.

खिळेमोळे

त्याच्या लॉगमधला आयपी बघा, क्लाउडफ्लेअरचा निघेल. प्रॉक्सीमुळे सर्व्हरला खरा पाहुणा दिसतच नाही, सगळे एकाच दारातून आल्यासारखे दिसतात. कुठला तरी बॉट चार वेळा चुकतो आणि बाकीच्यांनाही बाहेर ठेवतो. एनजिनएक्समध्ये सेट_रिअल_आयपी_फ्रॉमच्या ओळींत क्लाउडफ्लेअरने प्रसिद्ध केलेल्या आयपी पट्ट्या द्या आणि रिअल_आयपी_हेडरला सीएफ-कनेक्टिंग-आयपी. पट्ट्या न देता नुसतं हेडरवर विसंबू नका, ते कुणीही खोटं पाठवू शकतं. आत्ता अडकला असाल तर एसएसएचवरून डब्ल्यूपी प्लगइन डीअ‍ॅक्टिव्हेट आणि त्या प्लगइनचं नाव.

एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या अ‍ॅपना वर्डप्रेसशी बोलू देणारी जुनी सोय) वापरत नसाल तर ती फाइल एनजिनएक्सवरच 'डिनाय ऑल' करा, बॉट पीएचपीपर्यंत पोचणारच नाही. जेटपॅक किंवा मोबाइल अ‍ॅप वापरत असाल तर मात्र थांबा, त्यांना ती लागू शकते.

रात्रपाळी

आणि मधे डीबग लॉग चालू केला असेल तर तो बंद करून फाइल काढून टाका. ती डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये असते आणि पत्ता माहीत असलेल्या कुणालाही ब्राउझरमधून वाचता येते.